गावाच्या नावाचा माग: नागपूर जिल्ह्यातल्या नवशिक्यांसाठी

माझ्या आईचं माहेर बोरी. लहानपणी वाटायचं, जगात बोरी एकच. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात कूलरसमोर बसून मी नागपूर जिल्ह्यातल्या गावांची यादी संगणकावर उतरवली, 'बोरी' शोधलं आणि रांगच लागली. बोरी, पुन्हा बोरी, बुटीबोरी, बोरगाव, बोरखेडी. त्यातली एक बोरी मी आपली म्हणून धरली आणि दोन महिने तिच्यावर राबलो. नाला जुळेना, शेजारची गावं जुळेनात, तरी मी ओढूनताणून जुळवतच होतो. शेवटी मामाने नकाशा पाहिला आणि म्हणाला, "अबे, हे आपली बोरी नाही नं!"

तुमचे दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. हौशी माणूस आहे, पण चुका भरपूर केल्या आहेत आणि त्या कुठे होतात ते आता बऱ्यापैकी कळतं.

आधी काय जमवायचं

- साधा संगणक. मोबाइलवर हे काम होत नाही, प्रयत्नही करू नका.
- लिबरऑफिस कॅल्क किंवा कोणतंही स्प्रेडशीट.
- क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं. पहिल्या आठवड्यात लागणार नाही.
- युनिकोड मराठी टंकलेखन. जुन्या फॉन्टची सवय असेल तर ती इथे सोडावी लागेल.
- एक वही. खरंच वही.
- घरातले जुने कागद: सातबारा, अधिकार अभिलेखाची नक्कल, आजोबांचा शाळेचा दाखला. गावाच्या नावाचं जुनं रूप कधीकधी यातच सापडतं, आणि तहसील, पटवारी हलका नंबर, खसरा नंबर हे सगळं आपली बोरी कोणती ते ठरवायला उपयोगी पडतं. मी हे कागद शेवटी काढले. तुम्ही आधी काढा.

१. एका नावाच्या मागे लागू नका

एकट्या नावाकडे बघत बसलं की मन गोष्टी रचतं. म्हणून नाव नेहमी त्याच्या भावंडांसकट घ्यायचं. गावांच्या यादीचा, म्हणजे डेटाबेसचा, खरा उपयोग एवढाच. तो अर्थ सांगत नाही, भावंडं दाखवतो.

कामठीचं घ्या. नागपुरात कोणालाही विचारा, सांगतील की इंग्रजांचा 'कॅम्प टी' होता, त्याचं कामठी झालं. छावणी १८२१ सालची, इंग्रजी स्पेलिंगमध्येही मध्ये 'पी' आहे, त्यामुळे गोष्ट पटते. आता यादीत 'कामठ' एवढीच अक्षरं टाकून आजूबाजूच्या जिल्ह्यांत शोधा. गोंदिया जिल्ह्यात कामठा निघतं. हे कामठा जुनं, मोठ्या जमीनदारीचं ठिकाण. तिथला जमीनदार चिमणा पटेल १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला होता, म्हणजे कामठीच्या छावणीच्या आधीच. तिथे कोणता कॅम्प आणि कोणता टी?

यातून कामठीचा खरा अर्थ हाती लागत नाही. कोशात बांबूच्या चिरफळीला कामटी आहे, कासवाला कमठ आहे, दोन्ही उमेदवार म्हणून लिहून ठेवा. पण 'कॅम्प टी' वरचा विश्वास बराच उडतो. आणि तो 'पी'? 'म' नंतर लगेच 'ट' किंवा 'ठ' म्हणताना ओठ उघडायच्या आत मध्ये बारीकसा 'प' ऐकू येतो. स्वतः म्हणून बघा. साहेबाने ऐकलं तसं लिहिलं असेल.

२. गावांची यादी उतरवा

तीन ठिकाणांहून यादी घ्या. एकीवर भिस्त ठेवू नका.

पहिली, २०११ च्या जनगणनेची गावयादी. महाराष्ट्राचा संकेतांक २७, नागपूर जिल्ह्याचा ५०५. प्रत्येक गावाला स्वतःचा संकेतांक असतो आणि तोच तुमचा आधारस्तंभ, कारण नावं सारखी असू शकतात, संकेतांक नाही. मात्र २००१ चे आणि २०११ चे संकेतांक वेगळे आहेत, ते एकाच रकान्यात मिसळू नका.

दुसरी, लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी, म्हणजे केंद्र सरकारची गावं आणि ग्रामपंचायतींची यादी. हिच्यात बऱ्याच गावांपुढे देवनागरी नावही असतं आणि जनगणनेचा संकेतांकही, त्यामुळे पहिली यादी हिला जोडता येते.

तिसरी, जिओनेम्स, म्हणजे जगभरच्या ठिकाणांच्या नावांची खुली यादी. देशवार फाइल मिळते, टॅबने वेगळे केलेले १९ रकाने असतात, त्यात अक्षांश-रेखांश आणि पर्यायी नावांचा एक रकाना. वस्तीच्या ठिकाणांपुढे वर्गाच्या रकान्यात 'पी' असतं, तेवढंच गाळून घ्या, नाहीतर डोंगर-तलाव सगळे अंगावर येतात. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून, ओव्हरपास टर्बो हे त्याचं शोधसाधन वापरूनही गावं काढता येतात आणि तिथे मराठी नावाचा वेगळा टॅग असतो, पण तो कोणी हौशी माणसाने भरलेला असतो. माझ्यासारख्याच. तेव्हा जपून.

इथला सगळ्यात मोठा खड्डा: फाइलवर दोनदा क्लिक करून ती थेट उघडणं. तहसिलीचा संकेतांक शून्याने सुरू होतो. स्प्रेडशीट त्याला आकडा समजतं, पुढचं शून्य खाऊन टाकतं आणि मग दोन याद्या जुळतच नाहीत. फाइल 'आयात' करा, संकेतांकाचे रकाने 'मजकूर' म्हणून निवडा, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. हे तीन टिचक्यांचं काम विसरल्यामुळे माझा एक रविवार गेला.

यादीत काही नावांपुढे 'रिठी' दिसेल. बाहेरच्या माणसाला वाटतं, रिठ्याचं झाड असेल. नाही. रिठी म्हणजे उजाड झालेलं गाव. शिवार आहे, खसरे आहेत, मौजा म्हणून कागदावर जिवंत आहे, पण घर एकही नाही. लोकसंख्या शून्य दिसते म्हणून या ओळी पुसू नका. लोक उठून गेले म्हणून ते नाव पुढे कोणी बदललंही नाही.

३. शुद्धलेखनाची भांडणं मिटवा

'चिंचोली' शोधा. नागपूरच्या यादीत बहुधा निराशा होईल. आता 'चिचोली' शोधा. आपल्याकडे चिंचेला चिच म्हणतात आणि गावानेही तेच धरलंय. पुण्या-मुंबईच्या मराठीत शोधाल तर विदर्भ सापडायचा नाही.

म्हणून मूळ नावाच्या रकान्याला हात न लावता शेजारी 'शोधरूप' असा नवा रकाना करा. त्यात अनुस्वार काढून टाका, ळ चा ल करा, ऱ्हस्व-दीर्घ एक करा, 'खुर्द', 'बुजरुक', 'रिठी' ही शेपटं वेगळ्या रकान्यात हलवा. (खुर्द म्हणजे लहान, बुजरुक म्हणजे मोठं, दोन्ही फारसी. गावाच्या मूळ नावाशी त्यांचा संबंध नाही, महसुली कारभाराशी आहे.)

दुसरी गंमत 'ऱ' ची. 'वऱ्हाड' मधलं हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवलं जातं: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असं जोडून. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. शोध लागत नसेल तर मजकूर एकदा 'युनिकोड नॉर्मलायझेशन' मधून काढा, म्हणजे दोन्ही रूपं एकसारखी होतात.

आणि जुन्या सरकारी पीडीएफमधून नाव उचलून चिकटवलं की कीटकांची रांग उमटते, ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टचं लिखाण. परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं बिघडतात. शंभर नावं असतील तर हाताने टाइप करा, लवकर होईल.

४. जुनं रूप शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आजच्या नावावरून अर्थ लावणं म्हणजे नातवाचं नाक बघून पणजोबा ओळखणं.

नागपूर जिल्ह्यासाठी तीन गॅझेटिअर हाताशी हवीत. ग्रँटचं १८७० चं मध्य प्रांताचं, रसेलचं १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं आणि महाराष्ट्र शासनाचं १९६६ चं. पहिली दोन इंटरनेट आर्काइव्हवर छायाप्रतीत मिळतात. रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या शिलालेखांची सूची आणि 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेख-ताम्रपटांच्या नियतकालिकाचे जुने खंडही तिथेच. वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या लेखांसाठी वा. वि. मिराशी यांचा १९६३ चा खंड. मिराशींनी नागपुरातच प्राध्यापकी केली, त्यामुळे इथल्या गावांच्या ओळखी त्यांनी विशेष बारकाईने लावल्या आहेत.

छायाप्रतीत शोधताना एक युक्ती. जुन्या पुस्तकांत 'नागपूर' लिहिताना रोमन 'ए' वर तिरकी रेघ असते. अक्षर ओळखणारं यंत्र त्या रेघेला भुलतं आणि 'ए' च्या जागी 'डी' वाचतं. म्हणजे तुम्ही सरळ स्पेलिंग टाकून शोधता, आणि पुस्तकात शहर 'एन-डी-जी-पी-यू-आर' म्हणून दडून बसलेलं असतं. रामटेकचीही तीच गत. तेव्हा 'ए' च्या जागी 'डी' घालून एकदा शोधाच. शिवाय साहेबी स्पेलिंगचे नमुने वेगळे: 'पूर' साठी 'पोर', शेवटच्या 'ई' साठी दोन 'ई', 'बर्डी' साठी 'बल्डी'. सीताबर्डीची मी चार स्पेलिंगं करून ठेवली आहेत.

आता नागपूरचंच उदाहरण, कारण इथे दोन्ही बाजूंचे खड्डे दिसतात. शाळेत शिकवतात की देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लहान लहान वस्त्या एकत्र करून शहर वसवलं आणि नाग नदीवरून नाव पडलं. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटिअरमध्येही नदीचंच कारण आहे. पण वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट सापडला, शक ८६२ चा, म्हणजे इ.स. ९४० चा. त्यात दान दिलेलं गाव 'नागपुर-नंदिवर्धन' या विषयात, म्हणजे तेव्हाच्या जिल्ह्यात, असल्याचं कोरलंय. नाव बख्त बुलंदाहून साडेसातशे वर्षं जुनं.

हे वाचल्यावर मी रात्री अकराला मित्राला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ते नागपूर हेच कशावरून?" बरोबर होतं त्याचं. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, वाकाटकांची जुनी राजधानी. ताम्रपटातलं नागपूर त्याच्या जोडीने येतं. प्रदेश आपला, हे पक्कं. पण नाव सापडलं म्हणजे जागा सापडली असं नाही. तुमच्या तक्त्यात 'जुनं रूप' आणि 'तीच जागा असल्याचा पुरावा' हे दोन वेगळे रकाने ठेवा.

नगरधन हेही बघण्यासारखं. नंदिवर्धन ते नगरधन हा प्रवास नुसत्या उच्चाराच्या झिजेने होत नाही. लोकांना जुना शब्द परका झाला, मग त्यांनी तो कळणाऱ्या 'नगर' आणि 'धन' मध्ये बसवून घेतला. आज कोणी फक्त 'नगरधन' बघून 'धनाचं नगर' असा अर्थ लावला तर तो किती दूर जाईल बघा.

रामटेकचं उलट. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या रिद्धपूर ताम्रपटात 'रामगिरिस्वामी' येतो. मराठीत टेक म्हणजे टेकाड, उंचवटा. गिरी गेला, टेक आला, अर्थ तसाच राहिला. 'रामाने टेक धरली' आणि 'राम इथे टेकला' या गोष्टी ऐकायला गोड आहेत, वहीत लिहा, तक्त्यात 'गावातली गोष्ट' या वेगळ्या रकान्यात.

५. कोश उघडा

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात एकाच जागी हे सगळं शोधता येतं: मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश, आणि बरो-एमेनो यांचा द्रविड व्युत्पत्तिकोश. संस्कृतसाठी कोलोन विद्यापीठाचा मोनियर-विल्यम्स.

आधी नावाचं शेपूट, म्हणजे शेवटचा तुकडा बघा, मग डोकं, म्हणजे पहिला. शेपटं थोडी आहेत आणि पुन्हा पुन्हा येतात. 'खेडा', 'खेडी' टर्नरमध्ये 'खेट' खाली सापडतात. 'ओली' ला दोन दावेदार: पल्ली म्हणजे वाडी, आणि आवली म्हणजे रांग. चिचोली म्हणजे चिचेजवळची वाडी की चिचांची रांग? दोन्ही लिहा. 'झरी' सरळ आहे, अंबाझरी बघा. 'बरड' म्हणजे मुरमाड, दगडगोट्यांची जमीन, आणि सीताबर्डीला टेकडी आहे हे नागपूरकराला सांगायला नको. तरी शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन भावांवरून नाव पडल्याची गोष्ट इथे घट्ट रुजलेली आहे. मी बर्डीच्या बाजूचा आहे, पण भावांना तक्त्यातून हाकललेलं नाही.

डोक्याला बहुधा झाड निघतं. बोर, मोह, खैर, सावर, टेंभूर, बाभूळ. मोहपा, बाभूळखेडा, सावरगाव, टेंभुरडोह: नुसती यादी वाचली तरी जंगल उभं राहतं. सारखी नावं फार झाली की पुढे ओळख लागते, म्हणून गोंडखैरी, तेलंगखेडी. शहरात मात्र झाडांऐवजी वार भेटतात: मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी आणि इतवारी. त्या त्या दिवशीचे बाजार. रविवारी नाही, इतवारी, हे लक्षात घ्या. बाजाराची बोली तेव्हाही हिंदीच असणार.

आता सावधगिरी. द्रविड कोश उघडला की नवशिक्याला गोंडी (तीही द्रविड भाषाच) सगळीकडे दिसायला लागते. मलाही झालं. गोंडीत गावाला 'नार' म्हणतात. उत्तर नागपुरात नारा आणि नारी अशी शेजारी शेजारी गावं. मी खुर्चीवरून उठलोच! पण नंतर विचार केला. जुनं रूप माझ्याकडे एकही नव्हतं, आणि नुसतं 'गाव' असं नाव दोन शेजाऱ्यांना, तेही एकाला आकारान्त आणि दुसऱ्याला ईकारान्त, का पडावं याचं उत्तर नव्हतं. गोंड राज्याचा हा मुलूख आहे, गोंडी नावं असणारच. पण दोन अक्षरं जुळणं हा पुरावा नव्हे, कारण दोन अक्षरी शब्द कोणत्याही भाषेत कोणत्याही शब्दाशी जुळतो.

६. नकाशावर ठेवा

अक्षांश-रेखांशासकट यादी क्यूजीआयएसमध्ये टाका आणि एकेका शेपटाला एकेक रंग द्या. मग सर्व्हे ऑफ इंडियाचा एकास पन्नास हजारचा नकाशा बघा, त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवता येतो. जुन्या क्रमांकपद्धतीत नागपूर शहर ५५ ओ/४ या पत्रकावर येतं. 'डोह' नावाचं गाव नदीच्या वळणावर आहे का? 'बर्डी' उंचावर आहे का? जमीन खोटं बोलत नाही, पण तलाव बोलतात. धरणामुळे गाव हललं असेल तर नाव नव्या जागी गेलेलं असतं आणि डोह जुन्या जागी पाण्याखाली.

जिओनेम्समध्ये एकच गाव दोन स्पेलिंगांनी, किलोमीटरभर अंतरावर दोनदा आलेलं असतं. हे गाव आणि त्याची टोली, म्हणजे वाडी, आहे की नुसती दुहेरी नोंद, हे उपग्रहाच्या चित्रावर बघूनच ठरवा.

७. गावात जा

पटवाऱ्यापेक्षा आधी गुराख्याला विचारा. नाल्यांची, पाणंदींची, शेताच्या तुकड्यांची नावं त्याला माहीत असतात आणि ती कुठल्याही डेटाबेसमध्ये नाहीत. प्रश्न "या नावाचा अर्थ काय?" असा टाकू नका. टाकला की समोरचा माणूस पाहुण्याला निराश करत नाही, जागच्या जागी अर्थ तयार करून देतो. "म्हातारी माणसं या गावाला काय म्हणायची?" असं विचारा. उच्चार मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आधी विचारून.

एका कार्यालयात मी जुना गावनकाशा बघायला गेलो तेव्हा मला तीन चकरा मारायला लावून चौथ्या वेळी सांगितलं की हे सगळं ऑनलाइन झालंय. ऑनलाइन नव्हतं. तुम्ही निघण्याआधी 'आपले अभिलेख' या शासनाच्या संकेतस्थळावर तुमच्या तहसिलीच्या नोंदी चढल्या आहेत का ते बघून घ्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

८. नोंद अशी ठेवा

माझ्या तक्त्याचे रकाने: संकेतांक, आजचं नाव, शोधरूप, तहसील, जुनं रूप, त्याचं साल, कुठे सापडलं, तीच जागा असल्याचा पुरावा, उमेदवार अर्थ (एकाहून जास्त), गावातली गोष्ट, श्रेणी, तारीख.

श्रेणी तीनच. जुनं रूप, कोश आणि जमीन तिन्ही जुळले तर 'अ'. दोन जुळले तर 'ब'. एकच असेल तर 'क'. तारीख याकरता की सहा महिन्यांनी तुम्हीच तुमचं मत बदलता आणि का बदललं ते आठवत नाही.

आईची बोरी सध्या 'ब' वर आहे. बोरीचं झाड कोशात आहे, मामाच्या धुऱ्यावर आहे, जुनं रूप अजून हाती आलेलं नाही. नारा आणि नारी दोन्ही 'क' वर.